मित्रदेशांची सामायिक हवाई ढाल: नाशिककर विचारतात ते प्रश्न

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला, तेव्हा महाराष्ट्राच्या यादीत नाशिक, सिन्नर आणि मनमाड ही तिन्ही नावं होती. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत, ओझरला विमानं बनतात, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं. आपली नावं यादीत येणारच होती. पण सायरनचा विषय घरात आला आणि त्या आठवड्यापासून शेजारीपाजारी, मित्रांची मुलं, नाशिक रोडच्या बाजारात भेटणारे ओळखीचे मला थांबवून विचारू लागले. मी हवाई दलात रडारवर नोकरी केली, निवृत्त होऊन इथेच राहतो. तोंडी उत्तरं देताना अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहून काढली. यात आहे ती सगळी उघड माहिती आहे.

अनेक देशांचं मिळून हवाई संरक्षण म्हणजे नेमकं काय?

गोदावरीच्या पुराचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं ते आधी कळवलं जातं. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की शहराला अंदाज येतो. खाली चांदोरी-सायखेड्याच्या लोकांना तोच निरोप वेळेवर मिळाला तर जनावरं सोडता येतात, धान्य माळ्यावर चढवता येतं. पूर तोच, नदी तीच. वरच्यांनी पाहिलेलं खालच्यांना किती लवकर कळलं, यावर खालच्यांचं नुकसान ठरतं.

हवाई संरक्षणात नेमकं हेच करायचं असतं. एका देशाच्या रडारला दिसलेलं विमान, ड्रोन किंवा क्षेपणास्त्र दुसऱ्या देशाच्या पडद्यावर त्याच क्षणी दिसावं, हा पहिला टप्पा. ते कोणी पाडायचं हे आधीच ठरलेलं असावं, हा दुसरा. तिसरा टप्पा क्षेपणास्त्रांचा साठा, दुरुस्ती, सराव आणि खर्च वाटून घेण्याचा. बातम्यांत फोटो क्षेपणास्त्रांचे येतात. पण ढालीचा जीव पहिल्या दोन टप्प्यांत असतो, आणि तिथेच देशांची सगळ्यात जास्त ओढाताण होते.

प्रत्येक देशाने आपापली ढाल उभारली तर काय बिघडतं?

भूगोल आणि घड्याळ, दोन्ही आड येतात.

रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. शंभर मीटर उंचीवरून येणारं ड्रोन जमिनीवरच्या रडारला साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. मध्ये डोंगर असला तर त्याहूनही उशिरा. ब्रह्मगिरीच्या पलीकडे काय चाललंय ते गंगापूर रोडवरून दिसत नाही, तसंच. पलीकडच्या उतारावर शेजाऱ्याचं रडार असेल आणि तो आपल्याला सांगत असेल, तर तोच डोंगर आपली अडचण राहत नाही.

आता घड्याळ. हजार किलोमीटरवरून सुटलेलं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आठ-दहा मिनिटांत येऊन पडतं. ते सुटल्याचं कळलं पाहिजे, त्याचा मार्ग मोजला पाहिजे, ते कुठे पडणार हे काढलं पाहिजे, माणसाने निर्णय घेतला पाहिजे आणि आपलं क्षेपणास्त्र तिथवर पोचलं पाहिजे. एवढं सगळं त्या आठ-दहा मिनिटांत. यातली पहिली दोन मिनिटं शेजाऱ्याने वाचवून दिली तर ती पैशाने विकत घेता येणार नाहीत इतकी मोलाची आहेत.

छोट्या देशांची गोष्ट आणखी वेगळी. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तिघांकडे स्वतःची लढाऊ विमानं नाहीत. मार्च २००४ पासून नाटोचे, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीचे, इतर सदस्य आळीपाळीने तिथे विमानं ठेवून त्यांच्या आकाशाची राखण करतात. वीस वर्षांहून जास्त काळ हा पहारा एक दिवसही न तुटता चालला आहे. मित्रदेशांच्या सहकार्याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला हाच.

ही कल्पना कधीपासूनची?

अमेरिका आणि कॅनडाने १९५८ मध्ये नोराड ही संयुक्त कमान (कमांड) उभी केली. प्रमुख अमेरिकी, उपप्रमुख कॅनेडियन, आणि उत्तर ध्रुवाकडून येणाऱ्या धोक्यावर दोघांची एक नजर. नाटोची सामायिक हवाई संरक्षण यंत्रणा १९६१ पासूनची. आशियातलं उदाहरण फारसं कोणाला माहीत नसतं: १९७१ मध्ये मलेशिया, सिंगापूर, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांनी संरक्षण व्यवस्था केली. तिचं मुख्यालय मलेशियात बटरवर्थच्या हवाई तळावर आहे आणि ते आजही चालू आहे.

एका देशाचं रडार दुसऱ्या देशाच्या क्षेपणास्त्राला सांगतं कसं? भाषा कोणती?

फोनवर सांगण्याचे दिवस संपले. आता यंत्रं यंत्रांशी बोलतात. नाटो आणि अमेरिकेच्या मित्रदेशांत त्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती लिंक-१६ ही सांकेतिक रेडिओ जोडणी. १२ सेकंदांचं एक चक्र, त्याचे १,५३६ बारीक तुकडे, आणि प्रत्येक विमानाला, जहाजाला, तळाला त्यातले आपले तुकडे नेमून दिलेले. आपली पाळी आली की आपण पाहिलेलं सांगायचं, इतर वेळी इतरांचं ऐकायचं. त्यातून सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र तयार होतं.

चित्र एकच असणं हे ऐकायला सोपं वाटतं. पण दोन रडारांनी एकच विमान पाहिलं आणि त्यांच्या मोजणीत दोन किलोमीटरचा फरक पडला, तर पडद्यावर दोन विमानं दिसतात. मग कोणीतरी एका ठिपक्यावर दोन क्षेपणास्त्रं सोडतं, नाहीतर दोन खऱ्या विमानांना एक समजून एक सोडून देतं. म्हणून प्रत्येक रडारने उत्तर दिशा अचूक धरली आहे ना, सगळ्यांची घड्याळं जुळली आहेत ना, हे रोजच्या रोज तपासावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे. मी आयुष्यातली कित्येक वर्षं तेच केलं आणि त्याच्याइतकं महत्त्वाचं काम दुसरं नाही असं मला आजही वाटतं.

आपलंच विमान आपल्याच क्षेपणास्त्राने पडतं, असं कसं होतं?

हा प्रश्न नाशिकमध्ये विचारला जातो तेव्हा त्यामागे एक दुःख असतं. २७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी नौशेराकडे हवाई चकमक चालू असताना श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपल्या हवाई दलाचं एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं हे चौकशीत निघालं, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. त्या सहा जणांतला एक तरुण अधिकारी आपल्या नाशिकचा होता. हे लिहिताना हात थांबतो, पण या विषयावर लिहायचं तर ते टाळता येत नाही.

असं होण्याची कारणं जगभर सारखीच सापडतात. विमानावर एक छोटं यंत्र असतं. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न गेला की ते उत्तर देतं: मी आपला. ते बंद असेल, बिघडलेलं असेल, किंवा प्रश्न आणि उत्तर यांचे संकेत जुळत नसतील, तर पडद्यावरचा ठिपका परका ठरतो. त्यात हल्ल्याची भीती, कमी वेळ आणि वरच्या कमानीशी तुटलेला संपर्क यांची भर पडली की पुढचं थांबवणं अवघड होतं.

इराकच्या युद्धात २३ मार्च २००३ ला कुवेतच्या सीमेजवळ अमेरिकेच्या पॅट्रियट या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या तुकडीने ब्रिटनचं टॉर्नेडो विमान पाडलं. विमानातले दोघंही गेले. दोन्ही देश एकाच बाजूने लढत होते. ब्रिटनच्या चौकशीत जे बाहेर आलं त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या तुकडीचं दळणवळणाचं सामान अजून वाटेतच होतं. क्षेपणास्त्र पोचलं होतं, रडार पोचलं होतं, फक्त इतरांचं चित्र दाखवणारी जोडणी पोचली नव्हती. त्यामुळे आपल्या पडद्यावर दिसेल तेवढ्यावरच तुकडीला ठरवावं लागलं. दहा दिवसांनी, २ एप्रिलला, पॅट्रियटनेच अमेरिकी नौदलाचं एफ-१८ पाडलं.

एकाच देशाच्या दोन दलांत हे घडतं. दहा-वीस देश एकत्र आले की प्रत्येकाची यंत्रं वेगळ्या वयाची, संकेत वेगळे, सवयी वेगळ्या. म्हणून "आम्ही इतकी नवी क्षेपणास्त्रं घेतली" या बातमीपेक्षा "आम्ही इतक्या देशांनी मिळून सराव केला" ही बातमी मला जास्त धीर देते.

पाडायचं की नाही, हे शेवटी कोण ठरवतं?

युतीत सगळ्यात नाजूक जागा हीच. शांततेच्या काळात नाटोच्या आकाशाची राखण तीन केंद्रांतून होते: जर्मनीत युडेम, स्पेनमध्ये तोरेहोन आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेलं नॉर्वेतलं बोडो. या सगळ्यांच्या वर जर्मनीत रामस्टाइनला नाटोची हवाई कमान. अनोळखी विमान दिसलं की जवळच्या तळावरून विमानं उडवण्याचा हुकूम ही केंद्रं देतात, मग वैमानिक कोणत्याही देशाचा असो.

पण उडवणं वेगळं आणि गोळी चालवणं वेगळं. प्रवासी विमानाचं अपहरण झालं आणि ते शहरावर येतंय असं वाटलं, तर ते पाडायचं का, हे कोणताही देश दुसऱ्यावर सोपवत नाही. तो हुकूम त्या त्या देशाच्या सरकारचाच. शिवाय प्रत्येक देश आपली विमानं युतीला देताना अटी घालतो: इथवर जाऊ, याच्या पुढे नाही. आठ मिनिटांच्या खेळात अशा अटी शोधत बसायला वेळ नसतो. त्या आधीच कागदावर आणि माणसांच्या डोक्यात पक्क्या असाव्या लागतात.

प्रत्यक्षात हे कधी कसाला लागलं?

१३ एप्रिल २०२४ च्या रात्री. इराणने इस्राएलवर सुमारे १७० ड्रोन, ३० पेक्षा जास्त क्रूझ आणि १२० पेक्षा जास्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सोडली. ड्रोनना पोचायला काही तास लागणार होते, बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांना दहा-बारा मिनिटं. म्हणजे वेगवेगळ्या वेळी सुटलेलं सगळं एकाच सुमाराला पोचावं अशी आखणी होती.

अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जॉर्डन या देशांनी वाटेतच बरंच काही पाडलं. एकट्या अमेरिकी फौजांनी ८० पेक्षा जास्त ड्रोन आणि किमान सहा बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं पाडल्याचं सांगितलं. त्यात त्यांच्या युद्धनौकांनी एसएम-३ हे क्षेपणास्त्र लढाईत पहिल्यांदा वापरलं. उरलेल्यांचा बहुतेक भार इस्राएलच्या ॲरो आणि इतर यंत्रणांनी घेतला. तरीही नेवातिमच्या हवाई तळावर काही क्षेपणास्त्रं पडलीच आणि अवशेष अंगावर पडून एक लहान मुलगी जबर जखमी झाली.

हे एका रात्रीत जुळून आलं नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेने इस्राएलला आपल्या युरोपच्या कमानीतून काढून पश्चिम आशियाच्या कमानीत आणलं. त्यामुळे इस्राएली आणि अरब अधिकारी एकाच टेबलाभोवती बसू शकले. कागदावरचा एक कारकुनी वाटणारा बदल होता तो.

जॉर्डनची बाजूही समजून घ्या. तिथल्या सरकारने सांगितलं की आमच्या आकाशात शिरलेलं आम्ही पाडलं, आमच्या माणसांच्या जिवासाठी. देशातल्या अनेकांना ते पटलं नाही. पाडलेल्या ड्रोनचे तुकडे अम्मानच्या रस्त्यांवर पडले. सामायिक ढालीत उतरलेल्या छोट्या देशाला अशी किंमत घरातही मोजावी लागते.

स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र वापरणं परवडतं का?

नाही परवडत. आणि हे सगळ्यांना कळून चुकलं आहे.

९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आणि १० च्या पहाटे सुमारे वीस रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरली. पोलंडची एफ-१६, नेदरलँड्सची एफ-३५, इटलीचं टेहळणी विमान आणि जर्मनीची पॅट्रियट रडारं अशी चार-पाच देशांची यंत्रणा एकदम कामाला लागली. वॉर्साचा विमानतळही काही तास बंद ठेवावा लागला. काही ड्रोन पाडली गेली. देशांनी मिळून काम कसं करावं याचा तो नमुना होता. पण पाडलेल्या ड्रोनमध्ये फोम आणि प्लायवूडची, स्फोटकंही नसलेली हलकी ड्रोन होती, आणि त्यांच्यावर सोडलेलं एकेक क्षेपणास्त्र लाखो डॉलरचं. दोनच दिवसांत नाटोने पूर्व सीमेवर ईस्टर्न सेंट्री नावाची मोहीम सुरू केली आणि तेव्हापासून ड्रोनसाठी स्वस्त उपायांवर भर आला: तोफा, रेडिओ संकेत जाम करणं, ड्रोनवर ड्रोन सोडणं.

आपल्या एल-७० तोफा जुन्या म्हणून निघाल्यात जमा होत्या. मे २०२५ मध्ये पाकिस्तानकडून ड्रोनचे थवे आले तेव्हा, सुधारणा केलेल्या त्याच तोफांनी मोठं काम केलं.

मग एवढा पैसा असून युरोपला क्षेपणास्त्रं कमी का पडतात?

कारण पैसा दिला तरी ती बनायला वर्षं लागतात. पॅट्रियटचं सगळ्यात आधुनिक क्षेपणास्त्र एकेक सुमारे ४० लाख डॉलरचं, आणि २०२४ साली जगासाठी मिळून ती सुमारे ५०० बनली. मागणी करणारे: अमेरिका स्वतः, युक्रेन, जर्मनी, पोलंड, आखाती देश, जपान आणि रांगेतले बाकीचे.

नाशिककराला हे समजावून सांगायला नको. पाऊस कमी झाला की आपल्या आणि अहिल्यानगरच्या धरणांतलं पाणी जायकवाडीला सोडायचं की नाही, यावर दरवेळी कोर्टापर्यंत जावं लागतं. समन्यायी वाटपाचा कायदा आहे, सूत्र आहे, तरी तहानलेल्या दोन गावांना ते सूत्र एकसारखं न्याय्य वाटत नाही. धरण भरलेलं असतं तेव्हा भांडण नसतं.

स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये पाच पॅट्रियट यंत्रणांचा करार केला आणि पैसे भरायला सुरुवात केली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने कळवलं की युक्रेनला आधी द्यायचं आहे, तुमच्या यंत्रणा उशिरा येतील. युक्रेनवर रोज रात्री हल्ले होत होते, स्वित्झर्लंडवर नाही. निर्णय माझ्या मते बरोबरच होता. पण ज्याने पैसे भरले त्याला काय वाटलं असेल, हेही खरं.

म्हणून युतीचं खरं बळ कारखान्यात शोधावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, रोमानिया आणि स्पेनसाठी नाटोच्या खरेदी संस्थेने एकत्रितपणे पॅट्रियटच्या १,००० पर्यंत क्षेपणास्त्रांचा करार केला. एकत्र मागणी आल्यामुळे ती युरोपातच बनवायची सोय करता आली. चौघांनी वेगवेगळे मागितले असते तर तो कारखाना उभा राहिला नसता.

युरोपियन स्काय शील्डवर वाद का आहे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीच्या पुढाकाराने १५ देशांनी एकत्र खरेदीचं ठरवलं. आता त्यांची संख्या वीसच्या वर गेली आहे, आणि ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड हे तटस्थ देशही त्यात आहेत. मध्यम पल्ल्यासाठी जर्मनीचं आयरिस-टी, लांबच्यासाठी अमेरिकेचं पॅट्रियट, आणि वातावरणाच्या बाहेर रोखण्यासाठी इस्राएलचं ॲरो-३ अशी मांडणी. ॲरो-३ चा सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचा सौदा २०२३ मध्ये झाला. तो करायला अमेरिकेची परवानगी लागली, कारण ते क्षेपणास्त्र दोघांनी मिळून विकसित केलं आहे.

फ्रान्स यात नाही. फ्रान्स आणि इटलीकडे स्वतःची एसएएमपी-टी यंत्रणा आहे आणि युरोपच्या रक्षणाचा पैसा युरोपातच राहावा असं फ्रान्सचं म्हणणं आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आज तयार असलेलं घ्यावं तर परावलंबित्व येतं, आपलं बनेपर्यंत थांबावं तर मधली वर्षं उघड्यावर काढावी लागतात.

जपान आणि दक्षिण कोरियाचं काय? त्यांचं तर आपसात पटत नाही.

जुन्या जखमा खोल आहेत, आणि दोघांमध्ये संरक्षण करारही नाही. दोघांचाही करार अमेरिकेशी. त्यामुळे उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडलं तर कोरियाने पाहिलेलं अमेरिकेकडून फिरून जपानला कळायचं. १९ डिसेंबर २०२३ पासून तिघांमध्ये क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याची माहिती त्याच क्षणी पोचू लागली. कोरियाला क्षेपणास्त्र सुटताना आधी दिसतं, जपानला पडताना नीट दिसतं. दोन अर्धी चित्रं जोडली की पूर्ण होतं. मनं जुळायची वाट न पाहता रडारं जोडता येतात, हे त्यांनी दाखवलं.

भारत अशा कोणत्या ढालीत आहे का?

नाही. भारत कोणत्याही लष्करी युतीत नाही. एकावर हल्ला तो सगळ्यांवर, असा करार आपण कोणाशी केलेला नाही. आपल्या आकाशाचं रक्षण आपण एकट्याने करतो. पण साधनं अनेकांकडून आलेली आहेत. रशियाचं एस-४०० हे लांब पल्ल्याचं हवाई संरक्षण क्षेपणास्त्र, ज्याच्या पाच स्क्वाड्रनचा करार ऑक्टोबर २०१८ चा. इस्राएलसोबत विकसित केलेलं, सुमारे ७० किलोमीटर पल्ल्याचं मध्यम पल्ल्याचं क्षेपणास्त्र. आपलं स्वतःचं 'आकाश' नावाचं क्षेपणास्त्र. स्वीडनच्या मूळ रचनेच्या एल-७० तोफा. भिन्न भाषा बोलणारी ही सगळी यंत्रं एका पडद्यावर आणणं, हे म्हणाल तर एका देशाच्या आतलं "मित्रदेशांचं" संरक्षणच आहे. हवाई दलाची एकात्मिक कमान यंत्रणा आणि लष्कराची आकाशतीर, या दोन जाळ्यांनी मे २०२५ मध्ये ते करून दाखवलं.

तुर्कीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ते काय आहे?

तुर्की नाटोचा जुना सदस्य. त्याने रशियाचं एस-४०० घेतलं आणि जुलै २०१९ मध्ये ते पोचायला लागताच अमेरिकेने तुर्कीला एफ-३५ च्या कार्यक्रमातून काढलं. भीती ही, की रशियाचं रडार आणि अमेरिकेचं लपून उडणारं विमान एकाच घरात राहिलं तर विमानाची गुपितं रडारला कळतील. ते एस-४०० नाटोच्या जाळ्याला जोडलेलं नाही.

आपल्यासाठी यातून कळण्यासारखं असं: कोणाच्या सामायिक चित्रात जायचं तर त्यांच्या सांकेतिक जोडण्या घ्याव्या लागतात, आणि त्या देणारा तुमच्या घरात आणखी काय आहे ते पाहतो. भारताने सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेशी सुरक्षित दळणवळणाचा करार केला, आणि पुढच्याच महिन्यात एस-४०० चा. दोन्ही दारं उघडी ठेवायची तर अशी कसरत करावीच लागते. आपल्याला ती आजवर जमली. दरवेळी जमेलच असं मी म्हणणार नाही.

सुदर्शन चक्र म्हणजे आपला आयर्न डोम का?

इस्राएलचा आयर्न डोम हा फक्त जवळच्या रॉकेटांसाठीचा थर. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालेलं मिशन सुदर्शन चक्र २०३५ पर्यंत महत्त्वाच्या ठिकाणांना अनेक थरांचं संरक्षण देण्याचं आहे. आठच दिवसांनी, २३ ऑगस्टला, ओडिशाच्या किनाऱ्यावर जवळच्या पल्ल्याची दोन क्षेपणास्त्रं आणि लेझर शस्त्र एकाच कमानीखाली चालवून तीन वेगवेगळी लक्ष्यं पाडण्याची चाचणी झाली.

ढाल शंभर टक्के सुरक्षित ठेवते का?

नाही, कुठलीच नाही. नव्वद टक्के पाडलं असं वाचलं की उरलेल्या दहा टक्क्यांखाली कोणाचं घर होतं हे विचारावं. आणि पाडलेलंही कुठेतरी खाली पडतंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलंडच्या सीमेवरच्या प्शेवोदुव गावात दोन शेतमजूर गेले, ते बहुधा युक्रेनने बचावासाठी सोडलेल्या क्षेपणास्त्रामुळे, असं पोलंड आणि नाटोने सांगितलं. म्हणून सायरन वाजला की गच्चीवर जाऊन मोबाइलवर चित्रीकरण करू नका. आतल्या भिंतीपाशी, खिडकीपासून दूर बसा.

या सगळ्याशी नाशिकचा संबंध किती?

दिसतो त्यापेक्षा जास्त. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला. ती विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला सेवेतून निवृत्त झाली आणि तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरलाच तेजस मार्क-१ए च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं. शत्रूचं ड्रोन किंवा विमान दूरवर गाठायचं तर लढाऊ विमान हाच ढालीचा पहिला थर असतो. ओझरलाच हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही आहे. तिथे सुखोई आणि मिग-२९ पुन्हा उडण्यालायक होतात.

देवळालीची गोष्ट तर जवळपास विसरलीच गेली आहे. आपली लष्करी हवाई संरक्षण शाखा तोफखान्यातूनच निघाली आणि १९९४ मध्ये ती वेगळी झाली. विमानविरोधी तोफांचं शिक्षण १९८९ पर्यंत देवळालीच्या तोफखाना स्कूलमध्येच होतं. आज त्या शाखेचं महाविद्यालय ओडिशात गोपाळपूरला आहे, पण मुळं इथली.

माझ्या मुलीला या क्षेत्रात जायचं आहे. काय करावं?

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त आयांनी विचारला, आणि प्रत्येक वेळी आनंद झाला.

बारावीनंतर एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. मुलींची पहिली तुकडी तिथे २०२२ मध्ये गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी पासआऊट झाल्या. पदवीनंतर तिन्ही दलांच्या अधिकारी भरतीची सीडीएस आणि हवाई दलाची एएफसीएटी परीक्षा. लष्करात जायचं असेल तर आर्मी एअर डिफेन्स ही शाखा मुलींना खुली आहे आणि २०२० पासून त्यात कायम कमिशनही मिळतं. हवाई दलात पडद्यावर बसून लढाऊ विमानांना दिशा देणाऱ्या फायटर कंट्रोलरचं काम आहे. ज्या "एका चित्रा"बद्दल मी एवढं लिहिलं, ते सांभाळणारी माणसं हीच.

नाशिकमध्ये मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था २०२३ मध्ये सुरू झाली आहे. सीडीएस आणि एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत) यांच्या तयारीसाठी नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथलं प्रशिक्षण विनामूल्य असतं. गणित आणि भौतिकशास्त्र आवडीने करू द्या. रडारवर बसायचं असेल तर त्रिकोणमितीची भीती आधी घालवा, आणि रात्रपाळीची सवय पुढे आपोआप लागते.